पिवळ्या कार्डावरची सही

दर रविवारी नाश्ता झाला की मी मलेरियाची गोळी घेतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं खूण करतो. कॅलेंडर डोंबिवलीहून आणलंय, त्यावर गणपतीचं चित्र आहे. मी ज्यांच्या घरी राहतो त्या बाईंना वाटतं, ही माझी पूजाच आहे. खूण होईपर्यंत त्या बिचाऱ्या दारात गप्प उभ्या राहतात. त्यांचा गैरसमज दूर करावा इतकी त्यांची भाषा मला अजून येत नाही.

हे गाव युगांडात आहे. मी इथं सहा महिन्यांसाठी आलोय, हातपंप कसे खोलायचे आणि कसे बसवायचे ते गावातल्या लोकांना शिकवायला. पगार नाही. जायचं-यायचं तिकीट, राहणं आणि जेवण मला पाठवणाऱ्या, पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेचं. माझं शिक्षण सातवी. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढली. तिथं सुटे भाग घ्यायला आलेल्या संस्थेच्या लोकांनी मला एका नवीन माणसाला वॉशर बदलायला शिकवताना बघितलं, आणि आठवड्यानं आमच्या शेठना फोन आला की हा मिस्त्री आम्हाला द्याल का. आजवर मला कुणी कागद न बघता निवडलं नव्हतं. म्हणून मला जायचंच होतं. आणि म्हणूनच सारखं वाटायचं, कुठल्यातरी कागदाशीच आपलं घोडं अडणार.

संस्थेकडून पहिला कागद आला तो इंग्रजीत होता. दोन पानं. जाण्याआधी घ्यायच्या लसी, बरोबर न्यायची औषधं, पाण्याची काळजी, डासांची काळजी. मी तो खिशात घातला आणि डॉक्टरबाईंकडे गेलो.

डॉक्टरबाईंचा दवाखाना डोंबिवली पूर्वेला, वह्यापुस्तकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाईंनी सत्तरी कधीच ओलांडलीय. माझ्या दोन्ही मुलांचे ताप त्यांनीच उतरवले. त्यांची एक पद्धत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे बघितली नाही. औषध लिहून झालं की त्या पेन खाली ठेवतात, हाताची घडी घालतात आणि म्हणतात, "आता तुम्ही मला सांगा." पेशंटनं सांगायचं, कुठली गोळी, कधी, जेवणाआधी की नंतर, कशासाठी. चुकलं तर त्या रागावत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून समजावतात. बाहेर कितीही माणसं बसलेली असोत. बरोबर सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठता येत नाही. शिकलेले लोक वैतागतात. मला मात्र त्या खुर्चीत बसलं की वाटायचं, शाळा इतकी वर्षं थांबली होती ती इथं पुढे चालू झाली.

बाईंनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही चांगलं काम करायला निघाला आहात. पण आजारी माणसाच्या हातून चांगलं काम होत नाही. तिथे जाऊन तुम्हीच खाटेवर पडलात, तर त्या गावाला पंप सोडून तुमचीच सेवा करावी लागेल. आपल्याकडे दोन महिने आहेत. पुरेत."

आणि त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता काढला. मराठीत. धनुर्वात, कावीळ, विषमज्वर, मेंदूज्वर. कुत्रं चावल्यावर नाही, चावायच्या आधी घ्यायच्या सुया. मलेरियाची गोळी जायच्या तीन आठवडे आधी सुरू करायची, म्हणजे अंगाला सोसते का ते इथंच कळेल, आणि परत आल्यावरही चार आठवडे सोडायची नाही. दात तपासून घ्यायचे. रक्तदाबाची गोळी सहा महिन्यांची, चिठ्ठीसकट. आणि तक्त्याच्या मधोमध चौकोनात पिवळा ताप. ही लस त्यांच्याकडे नव्हती. ती मुंबईत सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते, ठरावीक वारांना. तिचं एक पिवळं कार्ड मिळतं, आणि ते नसेल तर त्या देशात पाऊल टाकता येत नाही. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. त्याआधी नाही.

"आता तुम्ही मला सांगा," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. तीनदा चुकलो.

सुया टोचायचं काम सिस्टरांचं. सिस्टर खाडीकाठच्या गावातल्या, त्यांचे आजोबा मिठागरात राबायचे. आता गावात टॉवर उभे राहिलेत, भावांकडे दोन-दोन गाड्या आहेत, पण सिस्टर दवाखाना सोडत नाहीत. बोलणं त्यांच्या गावाकडचंच. मी सुईला घाबरतो हे त्यांना माझ्या लग्नाआधीपासून माहीत आहे.

"काय रं मिस्त्री, पंपात खांद्यापरत हात घालतंस, तवा भ्या नाय वाटत? आन् एवडीशी सुई बगून पलतंस?"

"पंप टोचत नाही, सिस्टर."

"मंग तोंड तिकडं कर नि पंपाचा विचार कर."

पिवळ्या तापाच्या लसीआधी बाईंनी विचारलं, "ही लस अंड्यात वाढवतात. अंडं खाऊन कधी अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, असं झालंय का?" मी आठवायला लागलो, तर सिस्टर कपाटापाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "यो रोज स्टेशनबाहेर भुर्जीच्या गाडीवर उबा असतो, मी बगतंय ना. याला अंड्यानं काय व्हाचा हाय?" बाई हसल्या, पण तेवढ्यावर सोडलं नाही. मलाच नीट विचारून वहीत लिहून घेतलं.

विषमज्वराची सुई घेतली त्या दिवशी मात्र मला पंप आठवला नाही, गाव आठवलं. मी सातवीत असताना आमच्या गावाला पाण्यातून हाच ताप आलेला. वडील चार महिने उठले नाहीत. मी कामाला लागलो तो लागलोच, शाळा राहून गेली. आणि त्याच तापावरची लस ही एवढी, अर्ध्या मिनिटात झाली पण. दंडावर कापूस दाबून बसलो होतो. सिस्टरांनी विचारलं, "दुकतंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तरी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

मग पिवळ्या तापाचा दिवस आला. मुंबईला केंद्रात गेलो. रांग होती, पण काम शिस्तीत चाललेलं. पासपोर्ट बघितला, लस दिली, अर्धा तास बसवून ठेवलं, कुणाला चक्कर येतेय का ते विचारत फिरले. कार्ड हातात दिलं. त्यावर शिक्का, लसीचा नंबर, डॉक्टरांची सही. तिथल्या बाई म्हणाल्या, "खाली तुमची सही करून टाका."

मी हो म्हटलं आणि केली नाही.

का, ते सांगतो. माझी सही दर वेळी वेगळी येते. बँकेनं एकदा माझा फॉर्म परत केलेला, जुळत नाही म्हणून. पासपोर्टवरची सही मी घरी चार दिवस घोटून मग केलेली. या कार्डावरची तिच्याशी जुळायला पाहिजे. आत्ता दंड दुखतोय, मागं माणसं उभी आहेत, अशात हात हलला तर? घरी जाऊन, पासपोर्ट समोर ठेवून, चांगल्या पेनानं करू, असं ठरवलं.

आणि डोंबिवलीला उतरलो तर समोर लॅमिनेशनचं दुकान.

आमच्या घरात असा रिवाजच आहे. महत्त्वाचा कागद आला की आधी लॅमिनेशन. रेशनकार्डाचं पान, आईच्या मृत्यूचा दाखला, मुलांची गुणपत्रकं, सगळं गादीखाली कडक होऊन झोपलेलं. याचं कारण माझा शाळा सोडल्याचा दाखला. गावाकडं पत्र्याच्या पेटीत होता, पावसाचं पाणी शिरलं आणि जन्मतारखेची शाई पसरली. त्या एका डागापायी एक कायमची नोकरी हातातून गेली. तेव्हापासून मला कागद उघडा बघवत नाही. कार्ड दुकानात दिलं. गरम रुळांमधून ते दुसऱ्या बाजूनं चकचकीत होऊन बाहेर आलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. सहीचं डोक्यातच राहिलं नाही. घरी बायकोनं बघितलं, म्हणाली, "अहो, छान दिसतंय, आधारकार्डासारखं." आम्ही ते गादीखाली ठेवलं.

विमान शुक्रवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी डॉक्टरबाईंनी बोलावलं. सगळं सामान घेऊन या, म्हणाल्या, टेबलावर मांडा आणि एकेक वस्तू कशासाठी ते मला सांगा. मी मांडलं. मच्छरदाणी, अंगाला लावायचं मलम, मीठ-साखरेची पाकिटं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, पूर्ण बाह्यांचे शर्ट. एकेक सांगत गेलो. एकदाही चुकलो नाही. बाई मान डोलवत होत्या. शेवटी मी मोठ्या ऐटीत कार्ड ठेवलं.

बाईंनी ते उचललं. नखानं कडेला टोकरून बघितलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"मिस्त्री, हे तुम्ही केलंत?"

"हो. भिजू नये म्हणून."

"आणि तुमची सही?"

मी वाकून बघितलं. प्लॅस्टिकच्या आत सहीची रेघ रिकामी होती.

सिस्टर मागून येऊन बघायला लागल्या. "आरं देवा! कशाला कोंडलास त्याला?"

बाईंनी मला बसवलं आणि हळूहळू सांगितलं. ज्याचं कार्ड आहे त्याची सही नसेल तर कार्ड ग्राह्य धरत नाहीत. शिवाय विमानतळावरचा माणूस शिक्का खरा आहे का ते बघणार, पुढे कधी दुसरी लस घेतली तर तिची नोंद याच कार्डावर करायची असते. प्लॅस्टिकवर ती कशी करणार?

मी म्हटलं, "ब्लेड आहे का? मी उघडतो. सील उघडायचं माझं रोजचं काम आहे. बघा, कडेकडेनं..."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो कडक झाला. "शाई प्लॅस्टिकला चिकटून निघाली, तर ते कार्ड कुणीतरी खाडाखोड केल्यासारखं दिसेल. मग तुम्ही चुकलेला माणूस राहणार नाही, लबाड माणूस ठराल. जे झालं ते जसंच्या तसं दाखवायचं."

मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा लस घ्यायला लागली तर पुन्हा दहा दिवस. विमान तीन दिवसांवर. संस्थेच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही नाही आलात तर आम्हाला दुसरा माणूस पाठवावा लागेल, गावाला तारीख दिलीय. मनात आलं, झालं, संपलं. सातवीवाल्याला कशाला पाहिजे होतं विमान. तोंडानंही तसंच काहीतरी म्हणालो असेन.

बाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांनी केंद्रात फोन लावला. लागत नव्हता, पुन्हा पुन्हा लावला. बाहेर लोक खोकत होते. शेवटी लागला. बुधवारी लसीचा वार आहे, माणूस आणि पासपोर्ट घेऊन या, नोंदवही बघून ठरवू, एवढंच उत्तर मिळालं. मग त्यांनी आपला छापील कागद घेतला आणि पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्यापुढे सरकवलं.

पत्र मराठीत होतं.

"इंग्रजीत लिहिलं असतं तर लवकर झालं असतं," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याबद्दलचा कागद तुम्हाला वाचता यायला हवा. वाचा, आणि काय लिहिलंय ते मला सांगा."

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की हे गृहस्थ बावीस वर्षांपासून माझे पेशंट आहेत, प्रामाणिक आहेत, आणि कार्डाचं जे झालं ते निष्काळजीपणातून नाही, अति काळजीतून झालं आहे. ते वाक्य मी बाईंना सांगायच्या आधी दोनदा वाचलं.

दाराशी चपला घालताना सिस्टर म्हणाल्या, "उद्या सकाली मी येतंय तुज्यासंगं. सायबाफुडं तुजी वाचाच बसते, मना म्हाईत हाय."

तेही खरं. खिडकीच्या आतून कुणी कागद मागितला की माझं तोंड बंद होतं, हे वर्कशॉपमध्ये, घरी सगळ्यांना माहीत. सिस्टर बोलतील म्हणजे काम होईल, या भरवशावर मी त्या रात्री जरा झोपलो. सकाळी सिस्टर कडक साडी नेसून आल्या, कमरेला छोटी पर्स. वाटेत मला त्यांनी दोन केळी खायला लावली. "उपाशी मानूस खोटारडा दिसतो," म्हणाल्या.

केंद्रात आमचा नंबर आला. टेबलामागं एक तरुण डॉक्टर. मी पत्र दिलं, कार्ड दिलं, पासपोर्ट दिला. त्यांनी कार्ड उजेडाला धरलं.

"हे काय झालं?"

मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर खुर्चीत मागं टेकून बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, आणि मला म्हणाल्या, "बोल."

"सिस्टर, तुम्ही..."

"कार्ड माजा हाय का? बोल तू."

मग मी बोललो. सहीपासून सुरुवात केली, मग बँकेचा फॉर्म, मग गावाकडची पत्र्याची पेटी, दाखल्यावरची शाई, गेलेली नोकरी, सगळं. इतकं सलग मी कुठल्याच टेबलापुढे कधी बोललो नव्हतो. मागच्या रांगेतल्या माणसानं घड्याळ बघितलं. डॉक्टरांनी मला मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तिकडे जाऊन काय करणार?"

"हातपंप शिकवणार."

"माझ्या आजोळी एक आहे, हापसला तर हवाच येते."

"वॉशर गेला असेल," मी म्हटलं, "नाहीतर खालचा व्हॉल्व्ह. पाणी ओतून बघितलं का? ओतल्यावर चढलं तर वॉशरच."

ते हसले. उठून नोंदवही आणायला गेले. पानं उलटत बसले, ते दोन-चार मिनिटं असेल. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता पर्समधून वेलची काढून माझ्या हातात ठेवली.

नाव सापडलं. लसीचा नंबर जुळला, तारीख जुळली. पुन्हा लस घ्यायची गरज नाही, डॉक्टर म्हणाले, वरिष्ठांना विचारून येतो. आले ते कोरं कार्ड घेऊनच. जुन्यावर जाड मार्करनं आडव्या रेघा मारून ते फाइलला लावलं. नव्यावर सगळं उतरवलं, मूळ तारखेसकट, म्हणजे दहा दिवस कधीच होऊन गेलेले, शिक्का मारला. माझ्याकडे वळवलं आणि पेन दिलं.

"आत्ता. माझ्यासमोर."

सही केली. शेवटचं अक्षर पासपोर्टपेक्षा लांब गेलं. मी घाबरून वर बघितलं.

"तुमचीच आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं."

डोंबिवलीला उतरल्यावर सिस्टरांनी मला लॅमिनेशनच्या दुकानावरून जाणारा रस्ताच सोडायला लावला. "नको बाबा, तुजा काय भरोसा नाय." दवाखान्यात गेलो, तर बाईंनी कार्ड बघितलं, ड्रॉवरमधून औषधांची एक जाड पारदर्शक पिशवी काढली आणि त्यात ठेवून दिलं. वरचं तोंड उघडं. "भिजायचंही नाही आणि अडकायचंही नाही," म्हणाल्या. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकल्या. "ते राहू द्या. पाणी कसं पिणार ते सांगा."

"उकळून. नाहीतर गोळी टाकून, अर्धा तास थांबून."

"या आता."

युगांडाच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेआधीच एक पांढऱ्या कोटातली बाई उभी होती. येईल त्याच्याकडे एकच गोष्ट मागत होती. माझ्यापुढच्या माणसाचं कार्ड नव्हतं, त्याला बाजूला उभं केलं. मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. तिनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग सहीवर बोट ठेवून पासपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं. लांब गेलेलं शेवटचं अक्षर तिला दिसलंच असणार. तिनं कार्ड परत दिलं आणि हातानं पुढची वाट दाखवली.

मी चालायला लागलो तरी कार्ड हातातच धरून होतो. वाटेत कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी गावात पोचल्यावर सिस्टरांना आणि घरी, दोन्हीकडे घराच्या दारातला माझा फोटो पाठवला. बायकोचं उत्तर आलं, जेवलात का. सिस्टरांचा आवाजातला निरोप आला, मागं दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं: "पोचलास ना रं? बरा झाला. बाई विचारतान, मच्छरदानी बांदलीस का? चारी कोपरं बांदलंस का, का तीन बांदून फोटो काडत बसलास?"

मी वर बघितलं. तीनच बांधले होते. चौथ्याला खिळा नव्हता, म्हणून सकाळी बघू म्हणून ठेवलेलं. फोन ठेवला, हत्यारांची पेटी उघडली, आणि आधी तो खिळा ठोकला.